कोलेस्टेरॉल, कर्करोग आणि जन्माआधीची सोडत

१९८०च्या दशकात काही पाहण्यांतून एक अडचणीचं निरीक्षण पुढे आलं. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी, त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण जास्त. हृदयविकार टाळायला कोलेस्टेरॉल कमी करा म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडत असताना ही बातमी यायची म्हणजे पंचाईतच. पण उलटंही शक्य होतं. शरीरात दडून बसलेली, अजून निदान न झालेली गाठच कोलेस्टेरॉल खाली ओढत असेल तर? आधी काय आणि नंतर काय, हे नुसत्या आकडेमोडीतून कळणार कसं?

१९८६ मध्ये मार्टिन काटान या डच आहारशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटंसं पत्र लिहिलं. आपोलिपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन माणसामाणसांत थोडं वेगळं असतं. त्याचा ई-२ हा प्रकार ज्यांना वारशाने मिळतो, त्यांचं कोलेस्टेरॉल सरासरीने जन्मभर कमी राहतं. काटान यांचा युक्तिवाद सरळ होता. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होत असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत ई-२वाले जास्त सापडायला हवेत. गाठीमुळे कोलेस्टेरॉल उतरत असेल, तर सापडणार नाहीत. कारण गाठ कोलेस्टेरॉल बदलू शकते, आईबापांकडून आलेलं जनुक नाही. हे तपासायला लागणारी माहिती त्यांच्या हातात नव्हती. होती ती फक्त कल्पना. पुढच्या साऱ्या शास्त्राचं बीज मात्र त्या पत्रात आहे.

या कल्पनेमागे आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल उभा आहे. आईच्या आणि वडिलांच्या जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रतींपैकी कोणती मुलाकडे जाणार, हे म्हाडाच्या सोडतीसारखं ठरतं. वशिला चालत नाही. पुढे तो मुलगा सिगारेट ओढेल की नाही, भाजीपाला खाईल की वडापाव, कोणत्या वस्तीत राहील, याचा त्या सोडतीशी संबंध नसतो. औषधाच्या चाचणीत कोणाला गोळी आणि कोणाला साखरेची पुडी हे चिठ्ठी टाकून ठरवतात. इथे ती चिठ्ठी गर्भधारणेच्या वेळीच टाकलेली असते.

या सोडतीच्या आधाराने कारण आणि परिणाम तपासण्याच्या पद्धतीचं ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ हे नाव आलं १९९१ मध्ये, आणि तेही जरा वेगळ्या कामासाठी. ग्रे आणि व्हीटली या दोघांना रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा किती उपयोग होतो ते पाहायचं होतं. प्रत्यारोपण झालेले आणि न झालेले रुग्ण अशी तुलना फसवी, कारण मुळात धडधाकट रुग्णच प्रत्यारोपणापर्यंत पोहोचतात. म्हणून त्यांनी सुचवलं, जुळणारा भाऊ किंवा बहीण असलेले आणि नसलेले अशी तुलना करा. भावंड जुळणं हा निव्वळ नशिबाचा भाग.

त्याच सुमारास, लोकसमूहांतल्या रोगांची कारणं शोधणाऱ्या साथरोगतज्ज्ञांची नाचक्की होत होती. गाजर-भाज्यांतलं बीटा कॅरोटीन भरपूर घेणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, असं पाहण्या सांगत होत्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन गोळ्या हृदयाला जपतात, हा समजही २००२ मध्ये अमेरिकी चाचणीने मोडून काढला. अशा गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच सुखवस्तू आणि तब्येतीला जपणाऱ्या, हे लक्षात यायला उशीर झाला. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी २००३ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली, ती या पार्श्वभूमीवर.

माझ्या मते पद्धतीची खरी किंमत कळते ती दोन कोलेस्टेरॉलांच्या गोष्टीत. ‘वाईट’ एलडीएलबाबत २००६ साली अमेरिकेतून पुरावा आला. पीसीएसके-९ हे जनुक निकामी करणारे बदल असलेल्या कृष्णवर्णीयांत एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्के कमी. इतक्याशा फरकाचा एवढा लाभ, कारण तो जन्मापासून मिळालेला. हेच प्रथिन अडवणारी इंजेक्शनं २०१५ मध्ये बाजारात आली. ‘चांगल्या’ एचडीएलने मात्र तोंडघशी पाडलं. ते वाढवणारं टॉर्सेट्रॅपिब हे औषध मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये चाचणीतच बंद करावं लागलं. पुढे २०१२ साली जनुकांनीही तेच सांगितलं. एचडीएल वाढवणारा एक बदल असलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी असायला हवा होता. प्रत्यक्षात काहीच फरक नव्हता. म्हणजे चांगलं एचडीएल ही निरोगी माणसाची खूण असू शकते, निरोगी असण्याचं कारण नव्हे. आजही लॅबच्या रिपोर्टवर तो आकडा बघून खूश होणारे कमी नाहीत. नवं कारण शोधण्यापेक्षा खोटं कारण बाद करण्यात ही पद्धत जास्त उपयोगी पडली आहे.

‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ या लाडक्या समजुतीचंही तसंच झालं. दारू पचवणाऱ्या जनुकांतले काही बदल पूर्व आशियात सर्रास आढळतात. ते असलेल्याचा चेहरा दोन घोटांत लाल होतो, म्हणून तो पीतच नाही. चीनमधल्या मोठ्या पाहणीत २०१९ मध्ये दिसलं, की माफक पिणाऱ्यांना पक्षाघातापासून मिळणारं कथित संरक्षण जनुकांच्या हिशेबात उरतच नाही. खुबी अशी, की तिथल्या बायका जवळपास पीतच नाहीत. दोष दारूचा नसून जनुकाचाच असता, तर पुरुषांत जनुकागणिक दिसलेला पक्षाघाताचा फरक बायकांतही दिसला असता. दिसला नाही.

मर्यादाही आहेत. एकच जनुक दोन-तीन कामं करत असेल, तर निष्कर्ष फसतो. जातीतल्या जातीत लग्नं करणाऱ्या आपल्या समाजात जनुकं आणि आहार दोन्ही समूहागणिक बदलतात, त्यामुळे इथे सोडत सगळ्यांसाठी मिळून एक राहत नाही. त्यात मोठे माहितीसंच बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांचे.

तरी एक काम पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढतं. ते जास्त असलेल्या मातांची बाळं कमी वजनाची होती; पण ते त्याचं कारण, की नुसत्या गरिबीची खूण? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुणे आणि म्हैसूर इथल्या मिळून हजारभर मातांचं एमटीएचएफआर हे जनुक तपासलं गेलं. होमोसिस्टीन वाढवणारा बदल असलेल्या मातांची बाळंही सरासरीने हलकी होती. म्हणजे कौल कारणाच्या बाजूने. त्याच खेड्यांतली ती मुलं तोवर वयात आली होती आणि २०१२ पासून त्यांना, पुढच्या गरोदरपणाच्या आधीच, बी-१२ देण्याची चाचणी सुरू झालेली होती.