पार्टिशन काढणं वेगळं, डिस्क पुसणं वेगळं

मे महिन्यातली, ऐन लग्नसराईतली रात्र. लातूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरचा फोन आला. त्याचे फोटो नासवर असतात, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्क असलेल्या साठवणीच्या बॉक्सवर. पार्टिशन म्हणजे डिस्कवर आखलेला भाग. "दादा, घात झाला बघा. नासवरचं पार्टिशन उडवलं मी. दोन लग्नं अन् एक बारसं होतं त्याच्यात."

"नंतर फॉरमॅट मारलंत का?"

"नाही."

"मग फोटो जागेवरच आहेत. बॉक्स नीट शटडाऊन करा अन् मी येईपर्यंत हात लावू नका."

पावसाळ्यात याच्या नेमकं उलट घडलं. एका खासगी क्लासने जुना सर्व्हर मोडीत काढला आणि त्यातल्या दोन डिस्क फिरत फिरत माझ्याकडे आल्या. "पार्टिशन डिलीट करून दिल्यात, कोऱ्याच समजा." टेस्टडिस्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि पोरांचे प्रवेश अर्ज, आधार कार्डांच्या प्रती, आईवडिलांचे मोबाइल नंबर एकामागून एक उघडत गेले. मला घाम फुटला. दोन्ही डिस्क त्याच दिवशी पूर्ण पुसल्या.

ज्याला फोटो वाचवायचे होते त्याला वाटलं सगळं गेलं, आणि ज्यांना माहिती घालवायची होती त्यांनाही वाटलं सगळं गेलं. दोघांचा गोंधळ एकच.

सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून रानातली तूर उपटली जात नाही. पार्टिशन डिलीट करणं म्हणजे दप्तरातली नोंद खोडणं. डिस्क वाइप करणं म्हणजे रानात रोटाव्हेटर घालणं. नोंद खोडल्यावर त्या रानात दुसऱ्याने पेरणी केली, की मात्र उभं पीक मोडतं. फॉरमॅट मारणं आणि नवीन फाइली टाकणं ही ती पेरणी.

ही नोंद किती लहान असते ते पाहा. जुन्या एमबीआर पद्धतीत ती डिस्कच्या पहिल्याच 512 बाइटच्या सेक्टरमध्ये मावते: चार नोंदी, प्रत्येकी 16 बाइट. 2 टीबीच्या डिस्कवरचा माल कुठून कुठपर्यंत आहे, हे अवघ्या 64 बाइटमध्ये लिहिलेलं. मोठ्या डिस्कना ही पद्धत पुरत नाही, म्हणून जीपीटी आली. तिच्यात साधारणपणे 128 नोंदींची जागा असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पहिला सेक्टर खराब झाला तर ही प्रत कामी येते. पण तुम्ही स्वतः पार्टिशन डिलीट केलंत, तर दोन्ही प्रतींमधून नोंद जाते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. आपल्याकडे जमिनीचा जुना हक्क दाखवायला जसं खासरा पत्रक शोधतात, तसं आपलं खासरा पत्रक आपणच आधी काढून ठेवावं. एसजीडिस्क नावाच्या कमांडने सगळा तक्ता पेनड्राइव्हवर घेता येतो. फाइल जेमतेम काही केबीची होते, वेळ एक मिनिट लागतो.

पार्टिशन आखायच्या-काढायच्या हत्यारांचे स्वभावही वेगळे आहेत. एफडिस्कमध्ये डी दाबून पार्टिशन काढलं, तरी डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. क्यू दाबून बाहेर पडा, काही बिघडत नाही. पार्टेड मात्र आरएम, म्हणजे 'काढून टाक', म्हटलं की त्याच क्षणी लिहून मोकळं होतं. रात्री अकराला, झोप डोळ्यावर असताना मी पार्टेडला हात लावत नाही.

नासमध्ये आणखी एक मेख आहे. सिनॉलॉजी कंपनीच्या बॉक्ससारख्या नासमध्ये प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला दोन लहान पार्टिशन असतात, एक सिस्टिमचं, एक स्वॅपचं, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या जागेचं. काही जीबीचं फालतू काहीतरी समजून लोक ते काढायला जातात. ते काढू नका. लिनक्सच्या रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक केलेल्या साठवणीची, ओळखही पार्टिशनच्या आतच असते, नेहमीच्या 1.2 फॉरमॅटमध्ये सुरुवातीपासून 4 केबीवर. नोंद खोडली तरी ही खूण तशीच राहते. म्हणून त्याच सुरुवातीच्या सेक्टरपासून पार्टिशन पुन्हा आखलं, की रेड परत उभा राहू शकतो. सेक्टर हुबेहूब तोच हवा, एकाने चुकला तरी जमत नाही.

पुसण्याच्या बाजूला शब्दच फसवतात. ओपनमीडियाव्हॉल्ट या नास चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाइप दाबलं की क्विक आणि सिक्युअर असे दोन पर्याय येतात. क्विक फक्त तक्ते आणि खुणा पुसतं, म्हणजे नाव वाइपचं आणि काम नोंद खोडण्याचं. वाइपएफएस नावाची कमांडही खुणाच काढते, माल तसाच ठेवते. डिस्क बाहेर द्यायची असेल तर सिक्युअरच हवं, कारण ते पूर्ण डिस्कवर लिहितं. सेकंदाला 150 एमबीचा वेग धरला तरी 4 टीबीला साडेसात तासांच्या आसपास लागतात. आपल्याकडच्या लाइटीचा भरवसा पाहता इन्व्हर्टर भरलेला असेल त्या रात्रीच लावा, आणि मध्येच बंद पडलं तर पहिल्यापासून.

एसएसडीचं, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कचं, गणित निराळं. तिथं लिनक्सचं एक्स्टफोर फॉरमॅट मारलं, की डिस्कला जागा रिकामी झाल्याचंही आपोआप कळवलं जातं, आणि जुना माल परत मिळण्याची आशा जवळपास संपते. लातूरच्या बॉक्समध्ये साध्या फिरत्या हार्ड डिस्क होत्या, हे नशीब.

सकाळी मी तिथं पोचलो. चार डिस्क, चारही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. त्यांना काढायचं होतं एसडीसी नावाच्या डिस्कवरचं पार्टिशन (ही नावं लिनक्स देतं), पण बॉक्स रीस्टार्ट झाल्यावर ते नाव दुसऱ्याच डिस्कला गेलेलं. ही नावं कायमची नसतात. डिस्कवर छापलेला सीरियल नंबर मात्र बदलत नाही, आणि एलएसबीएलके या कमांडला सांगितलं तर तो स्क्रीनवरही दाखवतो. टेस्टडिस्कला हरवलेलं पार्टिशन सापडलं, आधी त्यातल्या फाइली उघडून पाहिल्या, मगच तक्ता लिहिला. चहा येईपर्यंत नवरीचा हळदीचा फोटो स्क्रीनवर होता.

जाण्याआधी आम्ही चारही ट्रे एकेक करून बाहेर ओढले आणि प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर सीरियलचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहिले.