भुयारातून गेलेले कारखाने

१९९२ साली चेकोस्लोव्हाकियातल्या प्रौढ नागरिकांना सुमारे हजार कोरुनांत कूपनांची पुस्तिका मिळे. त्या कूपनांवर सरकारी कारखान्यांचे शेअर घ्यायचे. ८० लाखांहून जास्त लोकांनी ती घेतली. पण कुठला कारखाना खरंच चालतो आणि कुठला नुसता भोंगा वाजवतो, हे घरबसल्या कसं कळणार? बहुतेकांनी कूपनं गुंतवणूक फंडांच्या हवाली केली.

पुढे चेक भाषेत एक शब्द रुळला: ‘तुनेलोवानी’, म्हणजे भुयार खणणं. कारखान्याची सूत्रं हातात आलेली मंडळी बाजूला एक छोटी कंपनी काढत. कारखाना तिला माल पडत्या भावात विके आणि कच्चा माल तिच्याकडूनच चढ्या भावात घेई. नफा भुयारातून बाहेर, कर्ज मात्र आत. साध्या भागधारकाला वर्षाअखेर दिसे तो तोटाच. शिवाय यातले बरेच व्यवहार तेव्हाच्या कायद्यात बसत, त्यामुळे चोर पकडायचा तरी कसा? प्रागचा शेअर बाजार १९९३ मध्ये सुरू झाला. त्याच्यावर लक्ष ठेवणारा रोखे आयोग आला १९९८ मध्ये. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

शेजारच्या पोलंडमध्ये १९९१ साली वॉर्सॉचा बाजार उघडला तो फक्त पाच कंपन्यांवर (आणि तोही कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या मुख्यालयात!). पण रोखे आयोग त्याच वर्षी कामाला लागला होता. कंपन्यांना माहिती उघड करायला लावायची आणि दलालांना वेसण घालायची, हे त्याचं काम. ग्लेझर, जॉन्सन आणि श्लायफर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही देश शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा त्यांना हाच फरक ठळक दिसला. असल्या खटल्यांना न्यायालयं दोन्हीकडे नवखीच होती.

खासगीकरण चांगलं की वाईट, या वादात मला फारसा रस नाही. विक्रीच्या दिवशी पंचाची शिट्टी कोणाच्या हातात होती, ते मी आधी बघतो.

रशियातला १९९५ चा नोरिल्स्क निकेलचा लिलाव घ्या. सरकारनं या कंपनीतला ३८ टक्के हिस्सा कर्जापोटी तारण ठेवायला काढला; जास्त कर्ज देऊ करेल त्याला तो मिळणार. किमान बोली १७ कोटी डॉलर. एका स्पर्धकानं ३५ कोटींहून जास्त देऊ केले. तेवढी ऐपत नाही, असं कारण दाखवून ती बोली बाद झाली. हिस्सा गेला १७ कोटी १ लाखाला. लिलाव भरवणारी बँक आणि जिंकणारी बँक एकच होती.