झूम वेगळा, फॉन्ट वेगळा: वर्डच्या डिफॉल्टमागचं डोळ्यांचं गणित

एक छोटा प्रयोग करून बघा. वर्डमधे कोरी फाईल उघडा, झूम १०० टक्के ठेवा, व्ह्यू टॅबमधून रुलर चालू करा आणि कंपासपेटीतली साधी पट्टी घेऊन स्क्रीनवरच्या रुलरला लावा. बऱ्याच लॅपटॉपवर स्क्रीनवरचे १० सेंटिमीटर खऱ्या पट्टीवर १० भरत नाहीत, कुठे ९ भरतात, कुठे त्याहून कमी. म्हणजे कोपऱ्यात १०० टक्के लिहिलंय खरं, पण तुमच्या डोळ्यांसमोर जे आहे ते कागदापेक्षा बारीक आहे.

असं का होतं, तर प्रोग्रॅमला तुमची स्क्रीन किती मोठी आहे हे मोजून कळत नाही, तो एक आकडा गृहीत धरतो. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कंप्यूटरवर एका इंचात ७२ ठिपके होते, आणि छपाईतला पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्यामुळे तिथे एक ठिपका म्हणजे बरोबर एक पॉइंट आणि स्क्रीन म्हणजे जवळपास कागदच. विंडोजवाल्यांनी ९६ चा आकडा धरला. त्यामागचा विचार मला खूप आवडतो: कागद आपण हातात धरतो पण स्क्रीन त्याच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश लांब असते, मग अक्षरही तेवढंच मोठं दाखवायला हवं. तेव्हाच्या मॉनिटरवर हे जमून गेलं. आता १४ इंची लॅपटॉपवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात म्हणजे इंचाला १५७, आणि विंडोजचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळंच मोठं दाखवायची सेटिंग) १०० टक्क्यांवर असेल तर अक्षर मूळ मापाच्या ६१ टक्केच उरतं. स्केलिंग १५० केलं तरी ९२ टक्क्यांपर्यंतच पोचतं, म्हणजे १० सेंटिमीटरचे ९.२.

आता डोळ्यांकडून बघू. ल्युसिडा फॉन्टचे एक निर्माते चार्ल्स बिगेलो आणि मिनेसोटा विद्यापीठातले एक दृष्टिशास्त्रज्ञ यांनी २०११ मधे एक मोठा आढावा घेतला होता, की छापलेलं अक्षर केवढं असलं की माणूस न अडखळता पूर्ण वेगाने वाचतो. मोजमाप मिलिमीटरमधे न घेता कोनात घ्यायचं, कारण डोळ्याच्या पडद्यावर अक्षर केवढं पडतं हे अंतरावर ठरतं. त्यात खालची मर्यादा निघाली साधारण ०.२ अंश, आणि हे माप अख्ख्या अक्षराचं नाही तर इंग्रजी एक्ससारख्या बिनदांडीच्या छोट्या अक्षराच्या उंचीचं आहे, त्याला एक्स-हाईट म्हणतात. हात सरळ लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण २ अंश दिसते, त्याचा दहावा भाग. यापेक्षा अक्षर बारीक झालं की वाचता येतं पण वेग झपकन पडतो, आणि मग आपण नकळत मान पुढे काढतो. दिवसभर अशी मान काढून बसलेली माणसं मी रोज बघते आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं एका मिनिटात टळण्यासारखं आहे.

स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर ०.२ अंश म्हणजे २.१ मिलिमीटर. आणि २००७ पासून वर्षानुवर्षं वर्डमधे डिफॉल्ट, म्हणजे आपण काही न निवडता आपोआप येणारा, कॅलिब्री ११ पॉइंट खऱ्या १०० टक्के मापात दिसला तरी त्याची एक्स-हाईट भरते १.८ मिलिमीटर! म्हणजे अगदी चांगल्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा झूम ११६-११७ च्या आसपास हवा, आणि वर सांगितलेल्या लॅपटॉपसारखं अक्षर अजून आक्रसलेलं असेल तर १२५ किंवा १३०. चाळिशी लागली असेल तर याच्याही वर जायला अजिबात संकोच करू नका. ही फक्त खालची मर्यादा आहे, वरती भरपूर जागा आहे, २ अंशांपर्यंत वेग कमी होत नाही.

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो, ज्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला. अक्षर बारीक दिसतंय म्हणून लोक फॉन्ट साईज वाढवतात. ११ चा १४, १४ चा १६. मग दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो, टेबल फुटतं, हेडिंग एका पानावर आणि मजकूर दुसऱ्या पानावर, आणि प्रिंट काढली की लहान मुलांच्या पुस्तकासारखं दिसतं. फॉन्ट साईज हा डॉक्युमेंटचा गुण आहे, तो फाईलबरोबर जातो, कागदावर उतरतो. झूम म्हणजे फक्त तुम्ही भिंग किती जवळ धरलंय तेवढं, कागदाला त्याचा पत्ताही नसतो. कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवा, झालं. डोळ्यांसाठी झूम, वाचणाऱ्यासाठी फॉन्ट, एवढं वेगळं ठेवलं तरी अर्धं काम होतं.

पॉइंटचा आकडासुद्धा फसवा असतो. तो अक्षराची उंची नसून जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्याची उंची आहे, अक्षर त्या चौकटीत किती जागा घेतं हे ज्याचं त्याचं. टाइम्स न्यू रोमनची एक्स-हाईट चौकटीच्या ४५ टक्क्यांच्या आसपास, कॅलिब्रीची ४६-४७, व्हर्डानाची ५४ च्या वर. म्हणून व्हर्डाना ११ हा टाइम्स १२ पेक्षा मोठा दिसतो. टाइम्स तर मुळात लंडनच्या द टाइम्स या वर्तमानपत्रासाठी केलेला, १९३२ मधे तो वापरात आला, अरुंद कॉलममधे जास्त मजकूर बसावा म्हणून थोडा आटोपशीर. तोच पुढे वर्ड २००३ पर्यंत अख्ख्या जगाचा डिफॉल्ट होऊन बसला. मग एलसीडी स्क्रीन आल्या, एका ठिपक्यातले लाल-हिरवा-निळा हे तीन उपठिपके वेगवेगळे वापरून अक्षराची कड मऊ करायचं क्लिअरटाईप तंत्र आलं, आणि त्याला साजेसा म्हणून कॅलिब्री आला. २०२३ पासून ॲप्टोस आहे, आजच्या दाट ठिपक्यांच्या स्क्रीन डोळ्यापुढे ठेवून निवडलेला. म्हणजे डिफॉल्ट म्हणजे काही शास्त्राने सिद्ध झालेलं सर्वोत्तम माप नाही, त्या त्या काळातल्या सर्वसाधारण यंत्रासाठी कोणीतरी केलेला अंदाज आहे.

तरी आपण तो बदलत नाही. जेरेड स्पूल या युझर इंटरफेस अभ्यासकाने एकदा बऱ्याच लोकांकडून त्यांच्या वर्डची सेटिंगची फाईल मागवली, १५० च्या वर गोष्टी त्यात बदलता येत होत्या, तर एखादी तरी सेटिंग बदललेली माणसं ५ टक्क्यांपेक्षा कमी निघाली. त्यातली लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे ऑटोसेव्ह तेव्हा डिफॉल्टने बंद होतं, आणि लोकांना विचारलं तर म्हणाले, बंद ठेवलंय म्हणजे काहीतरी कारण असेलच. शोध घेतल्यावर कळलं की प्रोग्रॅमरने ती फाईल शून्यांनी भरून ठेवलेली होती आणि शून्य म्हणजे बंद, कारण वगैरे काही नव्हतं. माणसाचा हा स्वभाव सॉफ्टवेअरपुरता नाही. अवयवदानाला संमतीच्या आकड्यांवर २००३ मधे सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, जिथे मुद्दाम हो म्हणावं लागतं त्या जर्मनीत १२ टक्के आणि जिथे मुद्दाम नाही म्हणावं लागतं त्या शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के! भाषा एक, सीमा लागून, फरक फक्त फॉर्म आधीपासून काय धरून चालतो याचा.

आता प्रत्यक्ष बदलायचं कसं. कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टची खिडकी उघडते, हवा तो फॉन्ट आणि साईज निवडून खाली सेट ॲज डिफॉल्ट दाबा. मग तो विचारतो, फक्त या डॉक्युमेंटसाठी की नॉर्मल टेम्प्लेटवरच्या सगळ्या डॉक्युमेंटसाठी. इथे घाईत पहिलाच पर्याय तसाच निवडलेला राहतो आणि उद्या नवीन फाईल उघडली की परत जुनंच, मग वाटतं वर्ड ऐकतच नाही. दुसरा पर्याय निवडायचा. ओळींमधल्या अंतरासाठी पॅराग्राफच्या खिडकीतही असंच सेट ॲज डिफॉल्टचं बटण आहे.

हे सगळं साठतं नॉर्मल.डॉटएम (Normal.dotm) नावाच्या एका फाईलमधे, प्रत्येक नवीन कोरं पान म्हणजे तिचीच कॉपी. जुन्या फाईलींवर मात्र याचा परिणाम होत नाही कारण प्रत्येक फाईल स्वतःची स्टाईल पोटात घेऊन फिरते. वर्डची डॉकएक्स फाईल म्हणजे खरं तर झिप असते, एखाद्या कॉपीच्या नावातलं टिंबानंतरचं डॉकएक्स हे आडनाव बदलून झिप करा आणि उघडून बघा, आत स्टाईलची वेगळी आणि सेटिंगची वेगळी फाईल दिसेल. साईज तिथे अर्ध्या पॉइंटमधे लिहिलेली असते, १२ पॉइंट असेल तर २४. आणि झूमसुद्धा त्या सेटिंगच्या फाईलमधे असतो, म्हणून कोणी ७० टक्क्यांवर सेव्ह करून पाठवलेली फाईल आपल्याकडेही बारीकच उघडते, यात आपल्या कंप्यूटरचा काही दोष नसतो. नवीन फाईल कायम १३० वर उघडायला हवी असेल तर नॉर्मल.डॉटएम हीच फाईल फाईल-ओपनमधून उघडा (डबल क्लिक केलं तर तिच्यावरून नवीन कोरं पान तयार होतं, ती स्वतः उघडत नाही), झूम बदला, एक स्पेस टाईप करून पुसा म्हणजे तिला बदल झाल्याचं कळेल, आणि सेव्ह करा.

मराठी टाईप करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायची. वर्डच्या हिशोबात देवनागरी, अरबी, हिब्रू, थाई या लिपी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खात्यात येतात आणि त्यांचा फॉन्ट आणि साईज आतमधे पूर्णपणे वेगळ्या जागी लिहिलेला असतो. तुम्ही वरचा लॅटिन फॉन्ट बदलून डिफॉल्ट केलात तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही तो यामुळे. फॉन्टच्या त्याच खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा भाग असतो, तिथेही निवडायचं, आणि मी तर सांगेन की साईज एक-दोन पॉइंट जास्तच ठेवा, कारण आपल्या अक्षरात वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार, मधे जोडाक्षर, एवढा तपशील त्याच उंचीत कोंबलेला असतो आणि तो वेगळा दिसला नाही की डोळा थांबतो. लिब्रेऑफिसमधेही ऑप्शन्समधे पाश्चात्त्य लिपी आणि सीटीएल (म्हणजे देवनागरीसारख्या याच कॉम्प्लेक्स लिपी) असे बेसिक फॉन्टचे दोन वेगळे कप्पे आहेत. गुगल डॉक्समधे आधी नॉर्मल टेक्स्ट तुमच्या निवडीप्रमाणे अपडेट करायची आणि मग पॅराग्राफ स्टाईल्सच्या ऑप्शन्समधून माझी डिफॉल्ट स्टाईल म्हणून सेव्ह करायची.

डार्क मोडबद्दल हल्ली सगळे विचारतात. डोळ्यांना आराम म्हणून काळं पान करतात, पण वाचनाच्या चाचण्या उलटं सांगतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मधे तरुण आणि वयस्क दोघांवर तपासलं, पांढऱ्यावर काळी अक्षरं असताना बारीक तपशील जास्त चांगला ओळखता आला आणि प्रूफरीडिंगही जास्त चांगलं झालं. कारण सोपं आहे, पान उजळ असलं की बाहुली आकुंचन पावते आणि कॅमेऱ्याचं छिद्र छोटं केल्यावर चित्र जसं रेखीव येतं तसंच डोळ्यात होतं. काळ्या पानावर बाहुली मोठी होते, अक्षराच्या कडा थोड्या पसरतात. रात्री अंधाऱ्या खोलीत पांढरं पान डोळ्यात घुसतं हेही खरंच, तेव्हा ब्राइटनेस कमी करा किंवा खुशाल काळं पान घ्या, व्ह्यू टॅबमधल्या स्विच मोड्सने पान काळं-पांढरं करता येतं आणि प्रिंट पांढरीच येते. पण शुद्धलेखन तपासायचं असेल तेव्हा पांढरं. आणि डोळे कोरडे पडत असतील तर त्याचा रंगाशी फारसा संबंध नसतो, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या खूप कमी वेळा मिटतो, ते कारण असतं.

ओळीची लांबीही बघून घ्या. ओळ संपली की डोळा उडी मारून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, आणि ओळ जितकी लांब आणि ओळींमधलं अंतर जितकं कमी तितकी ही उडी चुकून तीच ओळ परत वाचली जाते. वेब लेआउटमधे मजकूर रुंद स्क्रीनभर पसरतो तेव्हा हे फार होतं, खिडकीच अरुंद करा. वर्ड २००३ मधे अंतर सरळ १ होतं, २००७ मधे १.१५ झालं, २०१३ मधे १.०८, म्हणजे इथेही अंदाजच बदलत गेलाय. मराठीसाठी मी १.३ ते १.५ ठेवते, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडत नाहीत.

कधी सगळंच बिघडलं, फॉन्ट विचित्र येतोय, मार्जिन हललंय, तर वर्ड बंद करून नॉर्मल.डॉटएमचं नाव बदलून ठेवा, पुढच्या वेळी वर्ड कोरी करकरीत नवी बनवतो. आणि सगळं मनासारखं जमलं असेल तर वर्ड बंद असतानाच त्या फाईलची एक कॉपी पेनड्राईव्हवर काढून ठेवा, नवीन कंप्यूटर घेतलात की तीच तिथे टाकायची, परत पहिल्यापासून काही करायला लागत नाही. फक्त नवीन स्क्रीनवर पट्टी एकदा लावून बघा आणि झूम त्याप्रमाणे बदला.