अंडमोचनकाळातील तापमानवाढ आणि ताप (सोलापूर)

अंडमोचन म्हणजे ओव्ह्युलेशन झाल्यावर स्त्रीच्या शरीराचे तापमान किंचित वाढते आणि पुढची पाळी येईपर्यंत, साधारण १२ ते १४ दिवस, चढेच राहते. ही वाढ ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये जेमतेम अर्धा ते एक अंश. बीजांड सुटल्यावर अंडाशयात तयार होणाऱ्या पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवते आणि मेंदूतले तापमाननियंत्रण थोडे वर सरकते. हा ताप नव्हे. ताप धरतात तो १००.४ फॅरनहाइटपासून (३८ सेल्सिअस). नुसत्या अंडमोचनाने पारा तिथवर जात नाही.

सोलापुरात ही गल्लत सहज होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो आणि पत्र्याच्या घरात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला अंग तापल्यासारखे वाटले तर नवल नाही. त्यातच अंडमोचनानंतर घाम थोडा उशिरा सुटू लागतो, त्यामुळे उकाडा जास्त जाणवू शकतो. मग ‘अंगात कडकी आहे’ म्हणत ताक, ज्वारीची आंबील, सब्जा सुरू होतो. रात्री तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासतात. याने बरे वाटते, अपाय काही नाही, तेव्हा जरूर करावे. मात्र प्रोजेस्टेरॉनमुळे चढलेले तापमान त्याने उतरत नाही आणि उतरवायची गरजही नाही. त्यासाठी पॅरासिटामॉल घेणे व्यर्थ आहे.

मूल हवे असलेल्या काही स्त्रिया या तापमानाची रोज नोंद ठेवतात. सकाळी जाग येताच, अंथरुणातून उठण्याआधी, ठरलेल्या वेळी, दोन दशांश दाखवणारा थर्मामीटर लावायचा. त्याआधी किमान तीन तास सलग झोप हवी. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते, कधी मध्यरात्रीही. नळाला पाणी आले की बाई उठून पिंप-घागरी भरते, आणि पहाटेची नोंद कुचकामी ठरते. तो दिवस तक्त्यात खूण करून सोडून द्यावा. शिवाय पारा चढतो तो बीजांड सुटल्यानंतर, आणि बीजांड १२ ते २४ तासच टिकते. गर्भधारणेला अनुकूल दिवस त्याआधीचे पाच-सहा असल्याने पारा चढण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याची संधी हुकते.

साठवलेल्या याच स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर खराखुरा ताप आला तर ‘उष्णता असेल’ म्हणून अंगावर काढणे घातक आहे. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, मूत्रमार्गाचा संसर्ग यांची तपासणी व्हायला हवी. ओटीपोटात एका बाजूला थोडा वेळ दुखणे अंडमोचनात नेहमीचे आहे. पण त्यासोबत ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा लघवीला जळजळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ओटीपोटातला संसर्ग गर्भनलिका कायमच्या बंद करू शकतो.

तापासाठी प्रौढ व्यक्तीने ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल चार ते सहा तासांच्या अंतराने घ्यावी. यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे बीजांड सुटणे लांबू शकते. तापमान चढून १८ दिवस झाले, पाळीही आली नाही, तर लघवीची गर्भचाचणी करावी. अशा गर्भाच्या शक्यतेच्या काळात ताप आला तर कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.