भाजी-वाणसामानासाठीची ये-जा (पुणे)

रोजची भाजी, दूध आणि महिन्याचे वाणसामान आणायला लोक पायी जातात, गाडी काढतात की रिक्षा करतात, हे अनेक गोष्टींवर ठरते. वाहतुकीच्या अभ्यासात दुकानाच्या अंतराला पहिला मान मिळतो. पुण्यात मात्र ओझे किती आणि वाटेत थांबता येते का, याचेच पारडे बहुधा जड.

पेठांमध्ये कोपऱ्यावर वाणी आणि दारात हातगाडी, त्यामुळे कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोणी गाडी काढत नाही. शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ नाव रे मार्केट. ती शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता यांच्या मधे आहे. दोन्ही रस्ते एकेरी, दिशा उलट. साहजिकच शनिवार पेठेतून गाडीवर निघालेल्याला परतताना वळसा पडतो, शिवाय सम-विषम तारखा पाहून गाडी लावायची. तोवर बोळाबोळांतून पायी येणारा निम्मी भाजी घेऊन मोकळा होतो. २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो स्थानक आहे. गाडी लावण्याची कटकट त्याने वाचते, पण दोन्ही हातांत पिशव्या असताना उतरल्यावर घरापर्यंतची चाल उरतेच.

कोथरूड, हडपसरसारख्या उपनगरांत राज्य बिनगिअरच्या स्कूटरचे. पायाशी दहा किलो तांदूळ, हुकाला भाजीची पिशवी, डिक्कीत नारळ, आणि टोमॅटो मागे बसलेल्याच्या मांडीवर! ही खरेदी बहुतेक वेळा वेगळी फेरी नसतेच. कामावरून परतताना किंवा मुलांना क्लासहून आणताना उरकली जाते. म्हणून घराच्या दिशेला, रस्त्याच्या डाव्या बाजूच्या भाजीवाल्याचा माल पलीकडच्यापेक्षा जास्त खपतो. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून डिक्कीत कापडी पिशवी कायमची असणे हीसुद्धा अशा वाटेवरच्या खरेदीची अट झाली.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचे गणित निराळे. तिथे घाऊक माल, म्हणून सणासुदीला दोन-तीन बिऱ्हाडे मिळून जातात आणि रिक्षाचे भाडेही वाटून घेतात. पाऊस असला किंवा गणपतीत रस्ते बंद झाले, की हे बेत पुढे ढकलले जातात.

घरपोच सेवेने साखर-तेलाच्या फेऱ्या कमी केल्या. पालेभाजीच्या तितक्या नाहीत. भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय ती पिशवीत न टाकणारी गिऱ्हाइके अजून भरपूर आहेत.