नेट्रॉन तळ्यात पक्ष्यांचा दगड होत नाही

टांझानियातल्या नेट्रॉन तळ्याच्या पाण्याला स्पर्श झाला की पक्ष्याचा जागीच दगड होतो, असा मेसेज फोटोंसकट वर्षानुवर्षे फिरतोय. फोटो खरे, गोष्ट खोटी. छायाचित्रकार निक ब्रँट यांना काठावर क्षाराचं पुट चढून कडक झालेले मृत पक्षी आणि वटवाघळं सापडली. ती उचलून त्यांनी फांदीवर, पाण्यावर जिवंत असल्यासारखी मांडली आणि टिपली. त्यांनी हे लपवलंही नाही. पण फॉरवर्ड करणाऱ्याला तेवढं वाचायला सवड कुठली!

पाणी जहाल आहे, यात वाद नाही. जवळच्या ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या प्रदेशातून येणाऱ्या सोडियम कार्बोनेटमुळे त्याचा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा पीएच, १०.५ पर्यंत जातो. असलाच क्षार प्राचीन इजिप्तमध्ये ममी टिकवायला वापरत. म्हणून इथे मेलेला जीव कुजण्याऐवजी वाळतो. मेलेला, जिवंत नव्हे.

उलट ठाणे खाडीत दिसतो त्याच जातीचा छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, पूर्व आफ्रिकेत वीण करतो ती मुख्यतः इथेच. क्षाराच्या पापुद्र्यावर चिखलाचा बुटका मनोरा, वरच्या खळग्यात एकच अंडं. पायांची कातडी जाड आणि खवलेदार, खायला सूक्ष्म शेवाळ मुबलक. भोवतीच्या जहाल पाणथळीमुळे कोल्हे-तरस घरट्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. खरी भीती पाण्याच्या पातळीची: फार चढली तर घरटी बुडतात, फार उतरली तर शिकाऱ्यांना वाट मोकळी होते.