मोटरचं गेट आणि झटक्याचं गेट

"गोठ्याला इलेक्ट्रिक गेट बसवायचंय," असं आमच्या बेळगाव भागातलं, खानापूर-निपाणीकडचं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, गेट विजेनं उघडायचंय की विजेनं जनावर अडवायचंय? एकाच नावानं दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. चुकीची घेतली तर पैसे जातातच, आणि म्हसरं शेजाऱ्याच्या उसात शिरली की बांधावर भांडणही होतं.

मोटरचं गेट सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लोखंडी पल्ला असतो, रिमोट दाबला की सरकतो. इथं वीज फक्त पल्ला ढकलते, अडवायचं काम लोखंडच करतं. म्हणून चोर, भटकं कुत्रं, बिथरलेला वळू, सगळे त्याला अडतात. लाईट गेली की बॅटरी हवी, नाहीतर कुलूप सोडवून हातानं ढकलायचं. पल्ला बंद होताना वासरू मध्ये आलं तर थांबवणारा सेन्सर मात्र घ्याच, तिथं काटकसर नको.

झटक्याच्या गेटला पल्लाच नसतो. दोन खांब, दोन्हीकडून मध्ये येणाऱ्या लवचिक काठ्या आणि त्यांना लोंबणाऱ्या वीजवाहक दोऱ्या, एवढंच. ट्रॅक्टर सरळ आत घालायचा. काठ्या वाकतात आणि गाडी गेली की स्प्रिंगनं जागेवर येतात. वैरणीच्या दर खेपेला उतरा, उघडा, आत या, पुन्हा उतरून लावा, हे सगळं वाचतं. गडी गेट उघडं टाकून गेला, ही तक्रारही उरत नाही.

दोऱ्यांतला करंट घरच्या करंटसारखा नसतो. दोऱ्यांना जोडलेलं झटका मशीन साधारण सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. व्होल्ट ५००० ते १०,००० असतात, पण ठोक्यातली ऊर्जा थोडी असते, म्हणून जनावर दचकून मागं सरतं, मरत नाही. घरची २३० व्होल्टची लाईन कुंपणाला जोडणं ही तिसरीच गोष्ट. ती सलग वाहते आणि जीव घेते. तो गुन्हा आहे. कुणी कितीही स्वस्त सांगितलं तरी करू नका.

जनावराचं नाक दोरीला लागलं की करंट अंगातून पायांवाटे जमिनीत जातो आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईतून मशीनकडे परततो. हे वर्तुळ पूर्ण झालं तरच झटका बसतो. ट्रॅक्टर टायरवर असतो म्हणून वर बसलेला माणूस वाचतो. पण दोऱ्या बॉनेटला टेकलेल्या असताना खाली पाय टेकवला तर झटका बसणारच. केटल्या लावून मोटरसायकलवर येणाऱ्या दूधवाल्याला आणि पायी माणसाला बाजूनं वेगळी वाट ठेवा. बैलगाडी असेल तर हे गेट नकोच, पहिला झटका बैलांनाच बसेल. उसाच्या ओल्या वाड्यानं, म्हणजे शेंड्याच्या पाल्यानं, भरलेली ट्रॉलीही दोऱ्यांत अडकते.

बहुतेक गेटं फसतात ती अर्थिंगमुळे. खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती उन्हाळ्यात कोरडीठाक पडते आणि करंट परतच येत नाही. सळया पाण्याच्या हौदाजवळ, ओलीत ठोका. एक पुरत नाही, निदान तीन हव्यात, अंतर ठेवून. पावसाळ्यात उलटी गत होते. गवत वाढून दोऱ्यांना टेकतं आणि करंट तिथूनच निसटतो. झटका कुंपणाचा टेस्टर लावून बघा, ३००० व्होल्टच्या खाली आलं तर म्हैस जुमानत नाही. गेटखालून पलीकडच्या कुंपणाला न्यायची केबलही झटका कुंपणाचीच हवी. घरच्या वायरीचं आवरण ११०० व्होल्टचं असतं, त्यातून करंट जमिनीत गळतो.

शिवाय हे गेट अडवतं ते फक्त शिकलेल्या जनावराला. नवी गाय आधी साध्या झटका कुंपणात चार-आठ दिवस ठेवा. लोकर दाट वाढलेल्या मेंढराला झटका नीट लागत नाही आणि करडू तर दोऱ्यांखालून निघून जातं.

म्हणून माझं म्हणणं असं, रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी गेट हवं, मोटर लावा वा न लावा. झटक्याचं गेट आत, गोठा आणि चराऊ रानाच्या मध्ये, जिथं ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना धोक्याची पाटी लावा, कन्नडमध्येही आणि मराठीतही. ट्रॉली घेऊन येणारा ड्रायव्हर कोणत्या गावचा असेल, सांगता येत नाही.